अख्खा ऐकावा असा अल्बम, मोठेपणीही वाचावं असं बालपुस्तक

चांदणफूल

आवडत्या गाण्यांवर गप्पा पुष्कळ होतात, आवडत्या अल्बमवर फारच कमी. पण मला खात्री आहे, प्रत्येकाकडे असा एखादा अल्बम असतोच की त्यातलं एक गाणं संपत आलं की पुढच्याची सुरावट मनात आधीच सुरू होते. तेच गाणं दुसरीकडे कुठे लागलं आणि त्यामागून भलतंच काही आलं, की चुकल्यासारखं होतं. बालपुस्तकांशी माझं नातं असंच आहे. गोष्ट पाठ असते, पुढच्या पानावर कोणतं चित्र आहे तेही ठाऊक असतं, तरी पान उलटायची ओढ कमी होत नाही. म्हणून दोन्ही एकाच धाग्यात विचारते आहे.

एकच अल्बम सांगा, एकच बालपुस्तक सांगा. का आवडतं ते नेमकी जागा दाखवून सांगा. नुसतं 'अप्रतिम' लिहून पुढे जाऊ नका, एवढीच विनंती.

माझा अल्बम 'शिवकल्याणराजा'. शिवराज्याभिषेकाला तीनशे वर्षं पूर्ण झाली त्या वर्षी, १९७४ साली, तो आला. संगीत हृदयनाथ मंगेशकरांचं, मुख्य आवाज लताबाईंचा, निवेदन बाबासाहेब पुरंदऱ्यांचं. रामदास, कविराज भूषण, सावरकर, गोविंदाग्रज, कुसुमाग्रज असे वेगवेगळ्या काळातले कवी यात एकत्र आले आहेत, त्यामुळे दर गाण्याला भाषेचा पोत बदलतो. भूषणाची ब्रज भाषा नगाऱ्यासारखी वाजते, सावरकरांची मराठी संस्कृताच्या चालीने चालते. माझी जागा मात्र 'सरणार कधी रण' ही. भोवती सगळा पराक्रम आहे आणि मध्येच घायाळ बाजीप्रभू खिंडीत उभा राहून विचारतो, हे कधी संपणार? तिथे आवेश नाही, थकवा आहे. हा थकवा ऐकल्यावर बाकीच्या गाण्यांतला पराक्रम मला खरा वाटायला लागतो. गाणं सुटं ऐकलं तर ते फक्त करुण वाटतं. अल्बममध्ये ऐकलं की त्याचं काम कळतं.

पुस्तक 'तोत्तोचान'. तेत्सुको कुरोयानागी यांचं, मूळ जपानी १९८१ चं, मराठीत चेतना सरदेशमुख गोसावी यांनी आणलेलं. पहिलीतच शाळेतून काढून टाकलेली मुलगी नव्या शाळेत येते, आणि कोबायाशी मुख्याध्यापक तिला म्हणतात, तुला जे सांगायचंय ते सगळं सांग. ती बोलत राहते आणि ते चार तास ऐकत राहतात. जांभई नाही, घड्याळाकडे बघणं नाही. लहान असताना मला या पुस्तकात रेल्वेच्या डब्यांतले वर्ग आवडायचे. आता ते चार तास आवडतात.

सरगम_७

धागा आवडला, चांदणफूल. तोत्तोचानबद्दल एक गोष्ट जोडतो, कारण ती तुमच्या दोन्ही प्रश्नांना लागू पडते. कोबायाशींनी युरोपात डालक्रोझ या संगीतशिक्षकाकडे तालबद्ध हालचालींचं शिक्षण घेतलं होतं. तोत्तोचानच्या त्या नव्या, तोमोए नावाच्या शाळेत ते पियानो वाजवत आणि मुलं त्या लयीवर चालत. लय बदलली की पावलं बदलायची. म्हणजे ज्या शाळेवर आपण इतकं प्रेम करतो तिच्या मुळाशी संगीत होतं. आणि त्यातली ती हलकी, पाण्यात विरघळल्यासारखी चित्रं चिहिरो इवासाकी यांची. त्या १९७४ साली गेल्या, म्हणजे पुस्तक लिहिलं जाण्याच्या आधीच. त्यांच्या आधीच्या चित्रांतून निवडलेली चित्रं या मजकुराला इतकी नेमकी बसली आहेत, याचं मला अजून नवल वाटतं.

माझा अल्बम 'कॉल ऑफ द व्हॅली', १९६७. शिवकुमार शर्मांचं संतूर, हरिप्रसाद चौरसियांची बासरी आणि ब्रिजभूषण काबरांची गिटार. एका मेंढपाळाचा एक दिवस अशी कल्पना आहे. अहीर भैरव आणि नटभैरवाने सकाळ होते, मग पिलू, भूप, देस आणि शेवटी पहाडी. रागांची वेळ हा आपल्याकडे जुना विचार आहे, पण संपूर्ण तबकडी त्या घड्याळावर बांधायची आणि कुणी निवेदक न ठेवता गोष्ट सांगायची, हे मला फार धीट वाटतं. संतूर तेव्हा मैफलीत नवखंच होतं आणि रागसंगीतात गिटार तर आणखी नवखी. तरी कुणी कुणाला झाकत नाही. बासरी एखादी ओळ अर्धवट सोडते, गिटार मींड घेऊन, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत, ती पुढे नेते, आणि संतूर खाली शिंपण करत राहतं. देसमध्ये हे ऐकाच.

पुढे सीडी निघाली तेव्हा पहाडीनंतर आणखी काही रचना जोडल्या. वाजवलंय उत्तमच, पण दिवस संपल्यावर पुन्हा वाजत राहणं मला खटकतं. पहाडी संपली की मी बंद करतो.

पुस्तक मॉरिस सेंडाकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर', १९६३. शब्द जेमतेम ३३८. पहिल्या पानांवर चित्र लहान, भोवती पांढरा समास मोठा. गोष्टीतल्या मॅक्स या मुलाच्या खोलीत जंगल उगवायला लागतं तसं चित्र वाढत जातं, समास खाऊन टाकतं, शेजारच्या पानात शिरतं, आणि राक्षसांचा धिंगाणा सुरू झाला की सलग तीन जोडपानं एकही शब्द नाही. मग पुन्हा चित्र आकसत येतं. शेवटच्या पानावर चित्रच नाही, फक्त शब्द. मी तबला शिकलेला माणूस आहे. इतकी स्वच्छ बढत आणि इतका स्वच्छ उतार मला संगीतातही क्वचित सापडतो.

पिंपळपान

सरगम, तुम्ही लिहिलेलं वाचून ते पुस्तक मागवतो आहे.

माझ्या पिढीकडे अल्बम नव्हते, आकाशवाणी होती. म्हणून मी 'गीतरामायण' सांगणार, आणि तो अल्बम नाही असं कुणी म्हटलं तर वाद घालणार. १ एप्रिल १९५५ ला पुणे आकाशवाणीवरून पहिलं गीत आलं, मग दर आठवड्याला एक, अशी ५६ गीतं. माडगूळकर लिहीत होते आणि बाबूजी, म्हणजे सुधीर फडके, चाली लावत होते, ते आठवड्याच्या मुदतीवर. तेव्हा आवाजही अनेक होते. माणिक वर्मा, वसंतराव देशपांडे, लता मंगेशकर, मालती पांडे, ललिता फडके. नंतर बाबूजींनी एकट्याने सगळी गायली, आणि आता बहुतेकांना तीच माहीत असतात.

चांदणफूल, तुम्ही नेमकी जागा मागितलीत. माझी जागा पहिल्या आणि शेवटच्या गीताच्या मधोमध आहे. पहिल्या गीतात कुश-लव गातात आणि प्रभू स्वतः ऐकतात. दोन लहान मुलं बापाला बापाचीच गोष्ट सांगताहेत आणि दोन्ही बाजूंना नातं ठाऊक नाही. शेवटच्या, छप्पन्नाव्या गीतात वाल्मीकी त्या मुलांना सांगतात, जा, रामायण गा. म्हणजे छप्पन्नावं संपतं तिथे पहिलं सुरू होतं. हे मला कुणी सांगितलं नव्हतं, ओळीने ऐकताना एकदम लक्षात आलं आणि अंगावर काटा आला. 'दैवजात दुःखे भरता' एकटं ऐकून डोळे भरतात हे मान्य. पण ही रचना सुटं ऐकणाऱ्याच्या हाती लागत नाही.

पुस्तक 'फास्टर फेणे'. भा. रा. भागवतांचा हा फुरसुंगीचा काटकुळा मुलगा मला आजही आवडतो, कारण त्याच्याकडे कसलीही अद्भुत शक्ती नाही. डोळे उघडे, सायकल बरी, आणि गप्प बसणं स्वभावात नाही. 'ट्टॉक' केलं की आम्हाला कळायचं, गड्याला काहीतरी सापडलं. भागवतांनी ज्यूल व्हर्न मराठीत आणला होता, त्यामुळे उत्कंठा कुठे ताणायची आणि प्रकरण कुठे तोडायचं हे त्यांच्या हातात बसलं होतं. वाक्यं आखूड, संवाद जिवंत. आजच्या मुलांना त्यातला काळ परका वाटेल, पण फेणे परका वाटत नाही. माझ्या नातवाने एका बैठकीत पुस्तक संपवून दुसरं मागितलं.

कोवळी उन्हं

पिंपळपान काका, गीतरामायणाच्या सुरुवात-शेवटाचं वाचून मी ते पुन्हा पहिल्यापासून लावलंय, धन्यवाद.

मला एका पुस्तकाबद्दल मनापासून विचारायचं आहे. 'श्यामची आई' हे बालपुस्तक आहे का? साने गुरुजींनी ते १९३३ साली नाशिकच्या तुरुंगात अवघ्या काही दिवसांत लिहिलं. ४२ रात्री आहेत. मोठा झालेला श्याम आश्रमातल्या मित्रांना रोज रात्री एक आठवण सांगतो. म्हणजे सांगणारा मोठा, ऐकणारे मोठे, आणि विषय गेलेली आई. माझ्या लेकीला वाचून दाखवायला घेतलं. पोहायला जायला घाबरणाऱ्या श्यामला आई शिपटीने मारते, तिथे ती थांबली आणि म्हणाली, तो घाबरला होता ना, मग का मारलं? मी काहीतरी उत्तर दिलं, पण तिचं समाधान झालं नाही आणि खरं सांगायचं तर माझंही नाही.

तरी 'मुकी फुले' ही रात्र तिला फार आवडली. दुसऱ्या मुलांच्या आधी फुलं मिळावीत म्हणून श्याम कळ्याच तोडून आणतो, आणि आई त्याला झाडावर फुलू दे म्हणते. ती रात्र आम्ही अनेकदा वाचली. माझं मत असं झालंय की हे पुस्तक आईबापांनी संपूर्ण वाचावं आणि मुलांना त्यातल्या निवडक रात्री द्याव्यात. ४२ रात्री सलग वाचल्या तर दुःख इतकं साचतं की आठ वर्षांच्या मुलाने ते का सोसावं, हे मला पटत नाही.

पिंपळपान

उन्हं ताई, तुमच्या लेकीचा प्रश्न खरा आहे आणि त्याला 'तो काळ वेगळा होता' एवढंच उत्तर देऊन भागणार नाही. मारणं मारणंच. पण त्याच रात्री पोहून आल्यावर आई श्यामचे वळ बघते, तिचे डोळे भरतात, आणि लोक तुला भित्रा म्हणतील ते मला सहन झालं नसतं असं ती सांगते. ते तिला वाचून दाखवलंत का? पटणार नाही कदाचित, पण आईचं माणूसपण दिसेल.

निवडक रात्री देण्याला माझा थोडा विरोध आहे. गुरुजींनी त्यांना 'रात्र' म्हटलंय. एका रात्री एकच आठवण, मग झोप, मग दुसरा दिवस. बेचाळीस दिवस लावून वाचलं तर दुःख साचत नाही, मुरतं. सलग तीन तास वाचणं हा अन्यायच आहे त्या पुस्तकावर.

वाचनवेडा

श्यामच्या आईवर खूप लिहिता येईल, पण मी दुसरीकडे जातो. बालकविता कुणीच सांगितल्या नाहीत!

विंदा करंदीकरांची 'एटू लोकांचा देश' हे माझं पुस्तक. एकीकडे 'अष्टदर्शने'मधून तत्त्वज्ञांशी बोलणारा हा कवी, ज्ञानपीठ मिळालेला. आणि तोच 'राणीची बाग', 'सशाचे कान', 'अडम् तडम्' लिहितो, तेही मुलांसाठी म्हणून हात सैल न सोडता. विंदांच्या बालकवितेत उपदेश जवळपास नाही. तऱ्हेवाईकपणा आहे, आणि त्या तऱ्हेवाईकपणाला कडक वृत्ताचं कुंपण आहे. मुलांना उलटसुलट जग आवडतं हे सगळे कवी जाणतात. पण लय काटेकोर असली तरच उलटसुलटीची मजा येते, हे फार थोडे जाणतात. मात्रा अडखळली की चिमुरडं ऐकणारं लगेच दुसरीकडे बघतं. याहून निष्ठुर समीक्षक नाही.

आवाजाचा अल्बम म्हणाल तर 'अमृतगाथा'. संतरचना, आनंद मोडकांचं संगीत, चंद्रकांत काळे आणि माधुरी पुरंदरे यांचे आवाज. भक्तिसंगीताच्या सवयीच्या गोडव्यापासून लांब राहून शब्द पुढे ठेवणारं गाणं आहे ते. आणि याच माधुरी पुरंदऱ्यांनी 'यश'ची पुस्तकं, 'राधाचं घर', 'लालू बोक्याच्या गोष्टी' लिहिल्या, चित्रंही स्वतः काढली. मोठ्याने वाचून बघा. वाक्य कुठे श्वास घेतं ते इतकं बरोबर ठरलेलं आहे की वाचणाऱ्याला अभिनय करावा लागत नाही. गाणाऱ्या माणसाने लिहिलेलं गद्य असं असतं, अशी माझी पक्की समजूत आहे. 'यश'मध्ये तर काही मोठं घडतही नाही. रुसवा, कंटाळा, आईची वाट बघणं. एवढ्याशा गोष्टीला इतका मान देणारी मराठी पुस्तकं पुरंदऱ्यांच्या आधी मला फारशी दिसली नव्हती.

मंद्रसप्तक

सगळं वाचलं. मला थोडा वेगळा सूर लावायचा आहे. अल्बमची रचना, क्रम, चढउतार याचं आपण कौतुक करतो आहोत, पण त्यातलं पुष्कळसं तबकडीच्या मर्यादेने घडवलेलं आहे. ७८ फेऱ्यांच्या तबकडीवर एका बाजूला साधारण तीन मिनिटं मावायची. १९४८ मध्ये एलपी, म्हणजे लाँग प्ले तबकडी, आली आणि एका बाजूला वीस-बावीस मिनिटं मिळाली. गवयांना या दोन्ही चौकटींत स्वतःला बसवावं लागलं.

आणि काय बसवलं! केसरबाई केरकरांची भैरवी, 'जात कहाँ हो', जेमतेम साडेतीन मिनिटांची. १९७७ साली व्हॉयेजर अंतराळयानांबरोबर जी सोनेरी तबकडी पाठवली तिच्यावर ती आहे. मैफलीत तासभर गाणारी बाई साडेतीन मिनिटांत काय ठेवते आणि काय सोडते, याचा तो धडा आहे. आलापाला जागा नाही, म्हणून पहिल्याच स्वरात भैरवी पूर्ण उभी करायची. माझा आवडता अल्बम मात्र किशोरीताई आमोणकरांचा भूप राग. 'प्रथम सुर साधे' विलंबित आणि मागून 'सहेला रे'. मैफलीतला त्यांचा भूप याहून मोठा असेल, पण या तबकडीत एकही स्वर सैल पडलेला नाही. गंधारावरचा मुक्काम ऐका. तिथून त्या पंचमाकडे जायची घाई करत नाहीत, आणि तरी वेळ पुरतो. सीडीवर ७४ मिनिटं मिळायला लागली आणि नंतर तर मर्यादाच उरली नाही. मला तरी त्यानंतरच्या बऱ्याच ध्वनिमुद्रणांत पाणी घातल्यासारखं वाटतं.

बालपुस्तकाचंही तेच, सरगम. तुम्ही सांगितलेल्या पुस्तकासारखी चित्रपुस्तकं बहुतेक ३२ पानांची असतात. मोठा कागद छापून घडी घातली की पानं आठाच्या पटीत पडतात, त्यात बत्तीस सोयीची. नाव-श्रेयनामावलीची पानं वजा केली तर गोष्टीला बारा-चौदा जोडपानं उरतात. म्हणजे लेखकाला पान उलटण्याचे बारा-तेरा क्षण मिळतात, बस. प्रत्येक क्षणी मुलाला 'पुढे काय' वाटलं पाहिजे. सेंडाकने आपल्या पुस्तकातली तीन जोडपानं शब्दांविना खर्च केली, यात त्याची हिंमत दिसते. मर्यादा नसती तर ती हिंमत दिसलीच नसती. छापखान्याच्या आणि तबकडीच्या त्या कारागिरांना या धाग्यात एक नमस्कार हवा, असं मनापासून वाटतं.

सरगम_७

मंद्रसप्तक, तीन जोडपानांचा हिशेब मी असा कधी केला नव्हता. पटलं. पण 'पाणी घातलं' याला माझा आक्षेप. ख्याल तासभर गायचा म्हणूनच घडला. तो बावीस मिनिटांत बसवणं ही तडजोडच होती. काहींना ती साधली. न साधलेल्यांची ध्वनिमुद्रणं आपण ऐकत नाही, म्हणून ती आठवत नाहीत.

मंद्रसप्तक

हे मान्य. उरलेलं तेवढंच आपल्यासमोर आहे. तरीही भूपाच्या बाबतीत मी हटणार नाही.

कोवळी उन्हं

मला एक व्यावहारिक मदत हवी आहे. लेक सात वर्षांची आहे. तिला गाणी आवडतात, पण शब्दांविना संगीत फार वेळ ऐकत नाही. गोष्ट आणि संगीत एकत्र असं काही सुचवाल का? 'नाच रे मोरा' आणि 'सांग सांग भोलानाथ' पाठ झालीत.

चांदणफूल

उन्हं, डोळे मिटून 'पीटर अँड द वुल्फ' लाव. प्रोकोफिएव्ह या रशियन संगीतकाराने १९३६ मध्ये मॉस्कोच्या मुलांच्या नाट्यगृहासाठी हे लिहिलं, नताल्या सात्स यांच्या सांगण्यावरून. निवेदक गोष्ट सांगतो आणि प्रत्येक पात्राला स्वतःचं वाद्य आहे. पीटर म्हणजे तंतुवाद्यं, पक्षी म्हणजे बासरी, बदक ओबो, मांजर क्लॅरिनेट, आजोबा म्हणजे 'बसून' नावाचं खर्जातलं फुंकवाद्य, लांडगा म्हणजे तीन फ्रेंच हॉर्न. शिकाऱ्यांच्या बंदुका ढोलांवर वाजतात. पुरं अर्ध्या तासाचंही नाही.

चित्रांचं पुस्तक किंवा चलतचित्र आधी दाखवू नकोस. आधी नुसतं ऐकू दे. 'बसून' वाजलं की आजोबा, हे तिचं तिला जमेल. गोष्टीत लांडगा बदकाला अख्खं गिळतो. शेवटच्या मिरवणुकीत ओबो पुन्हा ऐकू येतो, कारण बदक पोटात जिवंत आहे. निवेदक ते सांगतो, पण आधी वाद्य ओळखलं तर ती तुला स्वतःहून सांगेल.

सरगम_७

आणि सुरुवातीला पात्रांची वाद्यं ओळखून दाखवणारा भाग असतो, तो गाळू नका. काही ठिकाणी तो वेगळा ट्रॅक म्हणून असतो आणि लोक पुढे ढकलतात. निवेदन इंग्रजीत असेल तर आवाज कमी करून तुम्हीच मराठीत सांगा. वाद्यांच्या मध्ये तेवढ्या जागा सोडलेल्या आहेत. फक्त लांडगा येतो तेव्हा बोलू नका, हॉर्न पूर्ण वाजू द्या.